अव्वाची साखर

लातूर
१२ एप्रिल २०२४

चि. संगमेश्वर,
अण्णाचे आशीर्वाद.

पाडव्याला अव्वा तुझ्या घरी नीट पोचली हे फोनवर कळलं. फोनवर तिच्या औषधाचं बोलता येत नाही. तू स्पीकर लावतोस, ती शेजारी बसून ऐकते आणि मधेच म्हणते, "माझ्या दुखण्याचं पंचांग काय वाचून राहिले दोघं?" शिवाय फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं. म्हणून लिहितो.

तिची दवाखान्याची फाइल इथं राहिली होती, ती याच कुरिअरनं पाठवतोय. गोळ्या तिच्या पिशवीत आहेत, महिनाभर पुरतील. तुझ्या घराचं बांधकाम निघालं म्हणून गेलं वर्षभर ती माझ्याकडे राहिली. तुझ्याकडून आली तेव्हा तिची तीन महिन्यांची साखर ९.६ होती. डिसेंबरात ६.९ आली. रिपोर्ट सगळ्यांत वर लावलाय, बघ. डॉक्टरबाईंनी तुझ्या उमावहिनीला शाबासकी दिली. म्हणाल्या, शहात्तर वर्षांच्या सासूचं असं फार कमी ठिकाणी होतं.

यात जादू काही नाही. बाई सांगत होत्या की इन्शुलिन शरीरात तयार होतं, पण शरीर त्याचं ऐकत नाही. जेवून लगेच आडवं झालं की मुळीच ऐकत नाही, थोडं चाललं की ऐकतं. उमा तिला दोन्ही जेवणांनंतर गल्लीतून दहा मिनिटं फिरवते. सकाळी मुगाचं धिरडं आणि दही, दुपारी एक भाकरी, वरण, भाजी आणि वाटीभरच भात. चहा बिनसाखरेचा. तू नोकरीवाला, तुझी उज्वलाही दिवसभर शाळेत शिकवते. तुम्हाला एवढं जमेल असं नाही, पण जेवढं जमेल तेवढं करा.

तुझा,
नागप्पा


नांदेड
३० एप्रिल २०२४

ती. अण्णा,
शरणार्थ.

फाइल मिळाली. ६.९ चा आकडा पेनानं गोल केलेला पाहिला. तो गोल डॉक्टरबाईंचा नाही, तुमचा आहे. तुमच्या दुकानातल्या पेनाची निळी शाई मी ओळखतो.

जेवढं जमेल तेवढं करा, असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही लातूरला शिकायला होतात तेव्हा अव्वा पहाटे उठून तुमचा डबा करायची आणि साडेसहाच्या एसटीपर्यंत तो मी पोचवायचो. डबा गरम असायचा, मी सदऱ्याच्या टोकात धरायचो. घरी येऊन रात्रीची भाकरी खाऊन गावातल्या शाळेत जायचो. तिचं तुमच्यासाठी करणं मी लहानपणापासून पाहत आलोय. आता तिच्यासाठी करायची पाळी आली तर त्यातही तुम्हीच पुढे, हे मला सोसत नाही. खोटं कशाला लिहू?

एक विचारायचं आहे. पिशवीतली साखरेची छोटी गोळी एक मिलिग्रॅमची आहे. फाइलीतल्या कागदावर तीच दोन मिलिग्रॅमची लिहिली आहे, सकाळी एक. पाकीट संपत आलं. कोणती आणू? आणि डिसेंबरनंतरचा एकही कागद फाइलीत नाही. मार्चात तपासलं नव्हतं का? इथल्या नव्या डॉक्टरकडे नेलं तर ते सगळंच बदलतील, म्हणून तुमचाच कागद चालवीन म्हणतो.

दिवाळीला ती तुमच्याकडे येईल तेव्हा नवा रिपोर्ट बरोबर देईन. तो सातच्या जवळ नसेल, सहाच्या जवळ असेल.

आपला,
संगमेश्वर


लातूर
७ मे २०२४

चि. संगमेश्वर,

कागदावर आहे तसं दे. पाकीट मेडिकलवाल्यानं कोणतं दिलं असेल ते असेल. मार्चात लग्नसराई, दुकानात भांड्यांच्या गिऱ्हाइकाची गर्दी, तपासणी राहून गेली.

डब्याचं लिहिलंस. मी तुला डबा पोचवायला सांगितलं नव्हतं. अव्वानं सांगितलं होतं. आणि त्या डब्याबरोबर ती चिठ्ठी द्यायची, "संगूला आज ताप हाय, तरी निघाला," असली. मी खोलीवर बसून तुझ्याबद्दलच वाचायचो.

सहाच्या जवळ जायची एवढी घाई करू नको. शर्यत नाही ही.

नागप्पा


नांदेड
२१ जुलै २०२४

ती. अण्णा,
शरणार्थ.

दिवाळीची वाट बघवली नाही. काल अव्वाचा रिपोर्ट आला. ६.१. सोबत प्रत जोडली आहे. गोल मी केलेला नाही.

कसं झालं ते सांगतो, उमावहिनींनाही वाचून दाखवा. भात बंद केला. भाकरी अर्धी केली. पहाटे मी तिला गोदावरीच्या घाटापर्यंत चालवत नेतो आणि आणतो. आल्यावर अंघोळ, मग कागदाप्रमाणे सकाळची गोळी, मग आम्ही दोघं पूजेला बसतो. औषध म्हणजे काही अन्न नाही, म्हणून पूजेआधी चालतं असं तीच म्हणाली. पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही हे तिचं व्रत तुम्हाला माहीतच आहे. तुमच्याकडे तिची पूजा अर्ध्या तासात उरकायची असं तिनं सांगितलं, शेजारी कोणी बसायला नसतं म्हणून. इथं दीड तास चालते.

अण्णा, हे तुम्ही पाहायला हवं होतं. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन ती बसते आणि तासाभरानं अशी तल्लीन होते की हाक मारली तरी लवकर परत येत नाही. कपाळावर घाम येतो, हात थरथरतो, ओठ हलतात पण शब्द कळत नाहीत. मी तीस वर्षं लिंगपूजा करतो, मला असं एकदाही झालं नाही. मला तिचा हेवा वाटतो. पूजा झाली की बराच वेळ भिंतीला टेकून गप्प बसते. उज्वला म्हणाली, "आत्याबाईंना थकवा वाटून राहिला का काय?" मी म्हणालो, हा थकवा वेगळा आहे.

एकच तक्रार. परवा तिच्या विभूतीच्या बटव्यात खडीसाखर सापडली. मुठीएवढी. मी विचारलं तर म्हणाली, "प्रसादाची हाय. राहू दे की." मी काढून टाकली. या वयात जिभेपुढे माणूस हरतो, त्यात तिचा दोष नाही. तुमच्याकडे पण खायची का चोरून?

आपला,
संगमेश्वर


लातूर
३० जुलै २०२४

चि. संगमेश्वर,

रिपोर्ट पाहिला. उमाला वाचून दाखवला नाही.

म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवून आकडा खाली आणणं यात मोठेपणा नाही. ते कोणीही आणील. अर्धी भाकरी खाऊन घाटापर्यंत चालायला ती काय पोलीस भरतीला उभी आहे?

पूजेचं सांगतो. ती लवकर आटपायला लाव. आधी दोन घास खाऊ घाल, मग काय बसायचं ते बसा. आणि खडीसाखर तिची तिला परत दे. असू दे जवळ.

एवढं ऐक.

नागप्पा


नांदेड
५ ऑगस्ट २०२४

ती. अण्णा,
शरणार्थ.

आज श्रावण लागला, तोही सोमवारी. अव्वानं आधी खावं आणि मग लिंग हातात घ्यावं, असं तुम्ही लिहिता. तुमचं लिंग बारा वर्षं दुकानाच्या कपाटात आहे. तुम्ही तिला पूजा शिकवू नका.

तिनं माझ्याकडे दीड तास बसावं हे तुम्हाला खुपतं, आणि ६.१ खुपतं. खडीसाखर परत दे म्हणता, म्हणजे आकडा वर जाईल आणि ६.९ पुन्हा मोठा होईल. मी इतका भोळा नाही.

संगमेश्वर


नांदेड
१७ ऑगस्ट २०२४

ती. अण्णा,

तुम्ही दवाखान्यात दोन दिवस राहून गेलात. आपण एका बाकावर बसलो, एकाच बाटलीतलं पाणी प्यालो आणि कामापुरतंच बोललो. नेमकं काय घडलं ते मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही. पडली, एवढंच सांगितलं. आता लिहितो.

दुसरा श्रावण सोमवार. अव्वानं आदल्या रात्रीही थोडंच खाल्लं होतं, दिवसभर उपास आणि संध्याकाळी एकदा जेवण असं ठरलं होतं. उपास तिचा, पण कौतुक माझं. गोळी मी हातानं दिली. दोन मिलिग्रॅमची. त्यात खंड पडू दिला नाही, कारण उपासाच्या दिवशी आकडा अजून चांगला येईल असं माझ्या मनात होतं.

पूजेला बसल्यावर पाऊण तासानं तिचा हात थरथरायला लागला. मी पाहिलं. घामानं तिची चोळी भिजली होती. मी हात जोडले, अण्णा. मला वाटलं, आज तिला काहीतरी दिसतंय. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "नागू, डबा गेला का?" मी नागू नाही हेही तिला कळत नव्हतं आणि मी तिथंही मनात चिडलो, की अशा वेळी हिला तुम्हीच आठवता. मग ती पुढं कलली. कपाळ चौरंगाच्या कडेवर आपटलं. लिंग मुठीत घट्ट धरलेलं होतं.

दवाखान्यात साखर चौतीस निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाताशी काही राहिलं नसतं. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर तिनं डोळे उघडले, पण दुपारी साखर पुन्हा खाली गेली. म्हातारपणी मूत्रपिंड मंद होतं, ही गोळी अंगात रेंगाळते, म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. कपाळाला सहा टाके.

त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सहा पॉइंट एक कशाला पाहिजे होतं तुम्हाला? या वयात साडेसात, आठ सुद्धा चांगलं असतं." मग विचारलं, घाम, थरथर, भान हरपणं आधी कधी झालं होतं का? मी सांगितलं, रोज व्हायचं, पूजेत. ते म्हणाले, म्हणजे रोज साखर उतरत होती.

खडीसाखरेचंही सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या आईलाच कळत होतं काय हवंय ते.

तुम्ही आधी दोन घास खाऊ घाल म्हणून लिहिलं होतं. मी ऐकलं नाही. दोष सगळा माझा. दिवाळीची वाट कशाला, तिला आत्ताच घेऊन जा. मी आणून सोडतो.

संगमेश्वर


लातूर
२२ ऑगस्ट २०२४

चि. संगमेश्वर,

दोष सगळा तुझा, असं तू लिहिलंस. उमानं ते वाक्य वाचलं आणि माझ्यापुढं पत्र ठेवून म्हणाली, "आता तरी लिवा. न्हाईतर मी फोन लावते."

या पत्रासोबत दोन कागद आहेत. पहिला जानेवारीचा. संक्रांतीच्या आधी अव्वा माझ्याकडेही अशीच झाली होती. पडली नाही, पण स्वयंपाकघरात उभ्या उभ्या घामाघूम झाली आणि उमाला ओळखेना. उमानं गूळपाणी पाजलं म्हणून निभावलं. डॉक्टरबाईंनी छोटी गोळी दोनची एक केली आणि लिहून दिलं, पूजा झाल्यावर, ताट समोर आल्यावर, पहिल्या घासाबरोबर. उपास असेल तर गोळी नाही. जवळ खडीसाखर ठेवा. बटव्यातली खडीसाखर उमानं घालून दिली होती.

दुसरा कागद मार्चचा. रिपोर्ट ७.८. बाई म्हणाल्या, हेच बरोबर आहे, ६.९ कमी होतं.

हे दोन्ही मी फाइलीतून काढून ठेवले. कारण ७.८ तुला दाखवायचं नव्हतं. तुझ्याकडून ९.६ घेऊन आली आणि मी ६.९ करून पाठवली, एवढंच तुझ्या हाती जावं असं वाटलं. मार्चचा कागद काढला तर जानेवारीचाही काढावा लागत होता, कारण त्यात मार्चला तपासा म्हणून लिहिलं होतं. गोळी कोणती आणू म्हणून तू स्पष्ट विचारलंस. मी खोटं लिहिलं. मनाला सांगितलं, दोनचीच डिसेंबरपर्यंत चालली होती, काही होत नाही.

तुझं जुलैचं पत्र वाचल्यावर मला सगळं कळलं होतं. घाम, थरथर, हाक न ऐकणं. फोन उचलून एक वाक्य बोलायचं होतं. मी नऊ दिवसांनी पत्र लिहिलं आणि त्यात तुला टोमणे मारले. खरं कारण लिहिलं असतं तर तू ऐकलं असतंस. मला वाटलं, आडून सांगितलं तरी पुरेल आणि माझंही झाकून राहील. ६.१ मला खुपत होतं, हे तू बरोबर ओळखलंस. त्याहून जास्त खुपत होतं ते दीड तास तुझ्याशेजारी बसणं. माझ्या घरी ती भिंतीकडे तोंड करून एकटी पूजा करायची आणि मी दुकानाच्या किल्ल्या शोधत असायचो.

तिला इकडे आणून सोडू नको. आता तिला मागायचा हक्क मला नाही.

नागप्पा


नांदेड
१ सप्टेंबर २०२४

ती. अण्णा,

पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. तुम्हाला फोन लावून काय बोलायचं ते तोंडपाठ केलं होतं. मग ते पत्र घेऊन अव्वासमोर बसलो. वाटलं, आता तिला कळू दे मोठा मुलगा कसा आहे. माफ करा, पण मला त्यात आनंद होत होता.

मी दोन्ही कागद वाचून दाखवले. ती म्हणाली, "मला ठावं होतं की. गोळी बदलली हाय ते रंगावरून कळलं मला. पयली दुसऱ्या रंगाची होती."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला भांडला असतास. त्याला सांगितलं असतं तर त्यानं तुझं नाव ठेवलं असतं. तू किती हौसेनं करून राहिला होतास, संगू. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत दिवस निघतील. खडीसाखर हाय जवळ."

ती मी काढून टाकली होती, अण्णा.

मी रडलो. ती म्हणाली, "रडायला काय झालं? मेले का मी?" आणि मग जरा रागानं, "दोघांनी मिळून माझी साखर वाटून घेतली. भात तेवढा कुणी देईना."

मी तुम्हाला माफ केलं असं लिहिता येत नाही. प्रयत्न करून पाहिला, पेन चालला नाही. तुम्हीही मला ६.१ साठी माफ करायची घाई करू नका. पण काम ठरलं ते सांगतो. जानेवारीचा आणि मार्चचा कागद मी फाइलीत लावले. गुरुवारी इथल्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलंय. मी फाइल घेऊन एकटा जाणार नाही. तुम्ही सकाळच्या गाडीनं या, उमावहिनींनाही आणा. गोळी आता त्यांनी दुसरी दिली आहे, साखर अशी एकदम खाली न नेणारी. तरी पूजा आणि जेवणाच्या वेळा त्यांना तुमच्या तोंडून कळू देत. जानेवारीत काय झालं तेही तुम्हीच सांगा. मी पूजेचं सांगीन. अव्वाला समोर बसवून दोघांनी सांगायचं. दिवाळीला ती लातूरला येईल, दरवेळेसारखी.

आज पूजा अर्धा तास झाली. मी तिच्याकडे बघतच बसलो होतो, माझ्या लिंगाकडे माझं लक्षच नव्हतं. घाम नाही, थरथर नाही. साधी पूजा. झाल्यावर तिनं वाटीभर भात मागून घेतला, दह्याबरोबर खाल्ला आणि पहिल्या घासाला गोळी घेतली.

हे लिहितोय तर ती पलंगावरून विचारतेय, "नागूला लिहून राहिला का? इचार त्याला, जेवला का म्हणावं."

मी दुपारपासून काही खाल्लेलं नाही, पण माझं तिनं विचारलं नाही. तिनं जसं सांगितलं तसं लिहितो.

जेवलात का?

संगमेश्वर